अंधारातली हजेरी

१२ जून

मामा,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण खोलीभर बरण्या आणि डबे पडलेत, आडवं व्हायला जागा नाही. फोनही करणार होते. मग आठवलं, मागच्या वेळी मी "तब्येत कशी आहे" विचारलं आणि तुम्ही "हो, आत्ताच जेवलो" म्हणालात. तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी की मी नोकरी सोडली. इतकी वर्षं औषधाच्या कारखान्यात कॅप्सूलचं जिलेटिन शिजवत होते, ते पुरे झालं. आता मी तुमच्या बंद पडलेल्या कारखान्यात जाते. हो, तुमच्याच. मागची अर्धी इमारत पाडून झाली, पण तुमचा लेप द्यायचा हॉल अजून उभा आहे आणि आत ते लांबलचक यंत्रही आहे. भंगारवाला उन्हाळ्याआधी कापून नेणार. तोवर वापरायची परवानगी मी मिळवली आहे.

आम्हाला सात नंबर परत करायची आहे. तुम्ही आयुष्यभर बनवलीत ती काळी-पांढरी फिल्म. आजही लोक तिची मुदत संपलेली रिळं शोधत फिरतात. आम्ही तिघं आहोत: मी, शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर, आणि मोटरी बसवणारा एक जण, ज्याला सगळे ड्रायव्हर म्हणतात, गाडी चालवता येत नसली तरी. कृती मिळाली, चांदी मिळाली. छोट्या पट्टीवर चांदी-जिलेटिनची खळ लावून पाहिली तर फोटो उमटतो. मोठ्या यंत्रावर मात्र नुसत्या रेघा आणि डाग.

खरं सांगा, बंद पडलेली फिल्म परत आणता येते का? की मी वेड्यासारखी नोकरी सोडून बसले?

तुमची
ठमी

२७ जून

ठमे,

पत्र मिळालं. आधी हसलो, मग रागावलो, मग मामीने विचारलं काय झालं म्हणून तिला वाचून दाखवलं. तिला आता अक्षर अजिबात लागत नाही. माझे डोळे आणि तिचे कान मिळून आमच्यात एक धड माणूस होतो. ती म्हणाली, "पोरगी आईवर गेलीय."

विचारलंस म्हणून सांगतो, नाही येत परत. तुझ्याकडे कृती आहे, पण कृती म्हणजे निम्मंसुद्धा नाही. त्या हॉलमध्ये आम्ही पंचवीस माणसं होतो. खळ किती गरम आहे ते एकाला पिंपाला हात लावून कळायचं. पट्टा वाकडा जातोय हे दुसऱ्याला आवाजावरून कळायचं. ती माणसं कुठून आणशील? निम्मी वर गेली, उरलेली माझ्यासारखी, गुडघ्यांना तेल चोळत बसलेली.

एवढं सांगूनही तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. रेघा येतात त्या थंडीमुळे. ओली खळ थंड रुळांवरून जाताना क्षणात गोठली पाहिजे. रूळ एका बाजूला कोमट असेल तर खळ पळते. त्याला गॅसची थंडी भरणारा चांगला माणूस लागेल.

तो माझ्याकडे आहे. आमच्या ढब्बूलाच पाठवतो. फ्रिज दुरुस्तीचं दुकान त्याने बंद केलं. बायको सोडून गेल्यापासून घरात बसून असतो, दुपारपर्यंत अंथरुणात. मामी ताट नेऊन ठेवते, तसंच परत आणते. तुझी फिल्म होवो न होवो, त्याला चार माणसांत बसव. मामाने तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे मागतो आहे.

मामा

९ ऑगस्ट

मामा,

ढब्बू पोचला, हे तुम्हाला त्याने कळवलं नसणारच. पहिले चार दिवस तो माझ्याशी मोजून तीन शब्द बोलला. पाचव्या दिवशी यंत्राचं पोट उघडलं आणि आतल्या नळ्या पाहून त्याला शिव्या सुचल्या. तेव्हापासून गप्प बसत नाही. रूळ आता इतके गार होतात की हात चिकटतो. रेघा गेल्या. मामीला सांगा, दोन माणसांचं जेवतो आणि वर बिस्किटाचा पुडा खिशात ठेवतो.

आता नवीनच दुखणं. अंधार. सात नंबरला सगळे रंग दिसतात, लाल दिवासुद्धा चालत नाही, म्हणून ठार काळोखात काम. अंधारात पाहायचे चष्मे मागवले, तर त्यांच्याच बारीक दिव्याने रीळ काळं पडलं. ते माळ्यावर टाकले. मग ड्रायव्हर मास्तरांवर आदळला आणि मास्तरांचं नाक फुटलं. मी स्वतः खळीच्या पिंपात कोपरापर्यंत बुडाले. कोण कुठे आहे तेच कळत नाही. ढब्बूला तर भीती वाटते, तो कबूल करत नाही, पण आत असताना सारखा गुणगुणतो.

तुम्ही पंचवीस जण त्या काळोखात कसे राहत होतात? एकमेकांच्या पायावर पाय नाही पडला?

ठमी

२१ ऑगस्ट

ठमे,

तुझं पत्र मामीला चारदा वाचून दाखवलं. "दोन माणसांचं जेवतो" तिथे आलो की म्हणते, "परत वाचा." आज सकाळी शेजारणीला बोलावून तिलाही ऐकवलं. तू या घरावर काय उपकार केलेस ते तुला कळायचं नाही.

काळोखाचं विचारलंस. अगं, आमच्याकडे हजेरी असायची. पट्ट्याच्या तोंडाशी उभा असलेला ओरडायचा "बोला", की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकाने आपलं नाव घेऊन सांगायचं. "लंगड्या आहे." "पैलवान आहे." "कावळा आहे." ही फेरी दिवसभर चालूच. आवाज जिथून आला तिथे माणूस, त्याला वळसा घालून जायचं. एखाद्याचं नाव आलं नाही, तर शेजाऱ्याने "थांबव" ओरडायचं. मग यंत्र बंद, दिवे चालू, खळ वाया गेली तरी बेहत्तर. गप्प माणूस म्हणजे पडलेला माणूस, असा हिशेब.

आता गंमत ऐक. कावळ्याला विडीचं व्यसन. तो गुपचूप बाहेर सटकायचा आणि त्याच्या जागी मी घोगऱ्या आवाजात "कावळा आहे" म्हणायचो. साहेब दाराशी कान लावून असले तरी त्यांना पूर्ण हजेरी ऐकू यायची. एकदा साहेबांनी बंद दाराबाहेरूनच विचारलं, "कावळा आहे का?" मी म्हटलं, "कावळा आहे, साहेब." साहेब शांतपणे म्हणाले, "मग माझ्या शेजारी हा विडी विझवतोय तो कोण?" आतली सगळी माणसं त्या काळोखात पोट धरून हसली. यंत्र मात्र चालू होतं. त्या दिवशीचं रीळ एक नंबर निघालं.

तेव्हा हजेरी सुरू कर. ढब्बूलाही भीती वाटणार नाही.

मामा

३ ऑक्टोबर

मामा,

तुमचं पत्र मी हॉलच्या पायरीवर बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. साहेब आणि कावळा येताच मास्तरांना ठसका लागला. ढब्बू म्हणाला, "बाबांनी मला हे कधी सांगितलं नाही." जरा रुसला, मग त्यानेही दोनदा वाचलं.

हजेरीने जादू झाली. "मास्तर आहे", "ड्रायव्हर आहे", "ढब्बू आहे", "ठमी आहे". आता कुणी कुणावर आदळत नाही. आणि तुमच्या कावळ्याचा वारसाही पुढे चालू झाला. मास्तर लघवीला गेले की ड्रायव्हर नाकात बोलून त्यांची हजेरी लावतो. ढब्बू बिस्किटं खायला सटकतो, त्याची मी लावते. मला त्याचा आवाज इतका छान जमतो की परवा तो दारातून आत येताना स्वतःलाच "ढब्बू आहे" म्हणताना ऐकून दचकला. रोज कुणी तरी कुणाला फसवतं. इतकं मी वर्षानुवर्षांत हसले नव्हते.

आणि फिल्म! हातभर लांबीची पट्टी निघाली, एकही डाग नाही. त्यावर मी ढब्बूचा फोटो काढला, सोबत पाठवते. कान पाहा, मागचा उजेड कसा पकडलाय. मास्तर म्हणतात, सात नंबरच आहे ही, शंका नको. तुम्ही म्हणाला होतात परत येत नाही. या बघा.

आता एक सबंध रीळ. चांदी तेवढ्यापुरतीच उरली आहे. एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत थांबायचं नाही. मध्ये थांबलं तर खळ गोठून सगळंच फुकट जाईल आणि दुसरी खेप करायला ना चांदी राहील ना इमारत. नोव्हेंबरात करू.

मामीला सांगा, ढब्बू आता सकाळी माझ्याआधी उठतो.

ठमी

३० नोव्हेंबर

मामा,

तुम्ही आलात, दोन दिवस राहिलात, गेलात. मी तुमच्यासमोर धड उभीसुद्धा राहू शकले नाही. मामी माझा हात धरून बसली होती आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

गर्दीत बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. थंडीचा गॅस गळत होता. त्याला वास नसतो, तो जड असतो, यंत्राखालच्या खड्ड्यात साचतो आणि तिथे श्वासाला हवाच उरत नाही. रूळ कोमट होतोय हे ढब्बूच्या लक्षात आलं असणार, म्हणून तो नळी आवळायला खाली उतरला आणि तिथेच गेला. डॉक्टर म्हणाले, एका क्षणाचं काम. त्याला काही कळलंही नसेल. कुणालाच काही करता आलं नसतं.

मामीला एवढं सांगा, की त्रास झाला नाही.

ठमी

८ डिसेंबर

ठमे,

मामीला सांगितलं.

तुला एक विचारायचं आहे. निघताना मास्तर मला दारापर्यंत सोडायला आले. माणूस भला आहे, माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाले, "रीळ मात्र शेवटपर्यंत पूर्ण झालं हो, तुमच्या मुलाने रूळ गार ठेवला म्हणून." त्यांना वाटलं, बापाला बरं वाटेल.

मी गाडीत बसल्यापासून त्यावरच विचार करतो आहे. रीळ पूर्ण झालं, म्हणजे यंत्र एकदाही थांबलं नाही. यंत्र थांबलं नाही, म्हणजे हजेरी पूर्ण होत होती. मी त्या हॉलमध्ये आयुष्य काढलं आहे, मला वेड्यात काढू नकोस.

ढब्बूच्या नावाने कोण बोललं?

मामा

१३ डिसेंबर

मामा,

मी बोलले.

फेरी त्याच्यापाशी आली आणि तो बोलला नाही. मला वाटलं, सटकला बिस्किटं खायला, नेहमीसारखा. मी त्याच्या आवाजात म्हटलं, "ढब्बू आहे." पुढच्या फेरीला पुन्हा म्हटलं. त्याच्या पुढच्या फेरीलाही. मग मला वाटलं, आज फारच वेळ लावतोय, आला की कान उपटते. तरी बोलत राहिले. एकदा माझा आवाज फाटला तर ड्रायव्हर अंधारातून म्हणाला, "ढब्ब्या, घसा बसला वाटतं," आणि आम्ही हसलो. मामा, आम्ही हसलो. तो माझ्यापासून चार पावलांवर खाली पडला होता.

रीळ संपल्यावर दिवे लावले तेव्हा दिसला. डॉक्टरांनी एका क्षणाचं वगैरे काही म्हटलं नाही. ते म्हणाले, लवकर बाहेर काढला असता तर वाचला असता. तुमच्याशी खोटं बोलले.

आणखी एक आहे, तेही लिहिते. शेवटी शेवटी मला काळजी वाटायला लागली होती. "थांबव" हा शब्द अगदी ओठावर आला होता. पण थांबवलं तर रीळ गेलं, सगळंच गेलं, आणि तो बाहेर बिस्किटं खात असला तर उगाच गेलं, असंही मनात आलं. आणि मी म्हटलं, "ढब्बू आहे."

तुम्ही त्याला चार माणसांत बसव म्हणाला होतात.

रीळ काळ्या पिशवीत बंद आहे. टोकाचा तुकडा कापून मास्तरांनी धुऊन पाहिला. म्हणतात, निर्दोष आहे. फिल्मवेडे लोक रोज विचारतात, कधी देताय. मी फोन उचलत नाही. मला ते रीळ पाहवत नाही आणि टाकवतही नाही, कारण त्याच्या हातचं तेवढंच उरलं आहे. तुम्ही सांगाल तसं करीन.

एकच विचारते, रागावू नका. तुम्ही तर वर्षानुवर्षं कावळ्याची हजेरी लावलीत. तुमच्याकडे कधी कुणी मेलं कसं नाही?

ठमी

२९ डिसेंबर

ठमे,

उत्तराला उशीर झाला. पहिले काही दिवस तुझं नाव काढायची इच्छा नव्हती. हे लपवत नाही. तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं नाही, चष्मा हरवला म्हणून सांगितलं. ती बिचारी घरभर शोधत होती.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाने माझी झोप उडवली. कुणी मेलं कसं नाही, याचं उत्तर मला पहिल्या वाचनातच माहीत होतं.

आमच्याकडे बाहेर जाणारा माणूस आधी शेजाऱ्याचा खांदा दाबायचा. दोनदा. काळोखात चाचपत यायचा, खांदा दाबायचा आणि मगच जायचा. परत आला की पुन्हा दोनदा. ज्याने खांदा दाबला त्याचीच हजेरी लावायची. खांदा न दाबता गप्प झाला, तर तो लाख वेळा विडी ओढायला जाणारा कावळा असो, "थांबव" ओरडायचं. एकदा कावळ्याचं आणि माझं जोरात भांडण झालं होतं, बोलणं बंद होतं, तरी तो येऊन खांदा दाबून गेला. इतकी ती सवय.

हे मी तुला लिहिलं नाही. लपवलं नाही, ठमे. सुचलंच नाही. गंमत सांगायला बसलो, आवाज आठवले, साहेब आठवले, खांदा आठवला नाही. ते कुणी कधी बोलून शिकवलंच नव्हतं. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी कुणी तरी त्याचा खांदा दाबायचा आणि त्याला कळायचं. मी तुम्हाला अर्धी हजेरी पाठवली. जी हसवते ती अर्धी. आणि माझ्याच पोराला त्या अर्ध्या हजेरीत उभं केलं.

थांबवावं की नको, हे मनात आलं म्हणतेस. येतंच. माझ्याही येत होतं. खांदा दाबायचा नियम त्यासाठीच तर होता, म्हणजे त्या वेळी कुणाला विचार करत बसावं लागू नये. तुझ्याकडे तो नियम नव्हता, कारण मी दिला नाही. तेव्हा हे ओझं तू एकटीने उचलू नकोस. सगळं उतरवून घेतो असं म्हणणार नाही, तेवढा मोठा माणूस मी नाही. पण निम्म्याहून जास्त माझं आहे.

रिळाचं तुझं तू ठरव. मला त्यातलं काही सांगू नकोस.

आता एक काम कर. मामी खंगत चालली आहे. रोज मला विचारते, "तो बराच वेळ तसाच पडून होता का हो? कुणी हाक मारली का त्याला?" मी सांगतो, लगेच उचलला. तिचा माझ्यावर विश्वास नाही, कारण मी तिच्याकडे न बघता बोलतो. तुझ्यावर आहे. तिच्या नावाने एक पत्र लिही. तिला काय ऐकायचं आहे ते तुला कळतं. मी तिला मोठ्याने वाचून दाखवीन. फार अवघड लिहू नकोस, मला अडखळता येणार नाही.

मामा

६ जानेवारी

मामी,

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. मामांना सांगा, सावकाश वाचा.

त्या दिवशी ढब्बू सकाळपासून खुशीत होता. दोन वेळा चहा प्यायला, बिस्किटं खाल्ली, माझ्या ताटातलंही जेवला. आत गेल्यावर गुणगुणत होता. आता त्याला काळोखाची भीती राहिली नव्हती. म्हणत होता, हे झालं की आईकडे जाऊन महिनाभर राहतो, ती मला फ्रिजमधलं खाऊ देत नाही तरी.

मामांनी आम्हाला हजेरीची रीत शिकवली होती. प्रत्येकाने आपलं नाव घ्यायचं. त्याचं नाव आलं नाही, त्याच क्षणी मी "थांबव" म्हणून ओरडले. यंत्र बंद केलं, दिवे लावले, सगळे धावले. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला हाका मारल्या, खूप मारल्या. मास्तरांनी त्याचा हात धरला होता. तो एकटा नव्हता, मामी. क्षणभरसुद्धा एकटा नव्हता. त्याची वेळच आली होती, एवढंच.

यंत्र मध्येच थांबवल्यामुळे रीळ अपुरं राहिलं. अशा रिळाचा काही उपयोग नसतो. काल मी ते पिशवीतून काढून हॉलच्या पायरीवर उन्हात उलगडून ठेवलं. संध्याकाळपर्यंत सगळं काळपट पडलं. मास्तर रडले, मी नाही. भंगारवाल्याला सांगितलं आहे, यंत्र कधीही घेऊन जा. सात नंबर आता परत व्हायची नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

तुम्ही रात्री झोपत जा. आणि मामांना काही बोलू नका. त्यांनी शिकवलं होतं ते सगळं आम्ही पाळलं. म्हणूनच तो आम्हाला लगेच सापडला.

तुमची
ठमी